पाण्याची पेज

प्रमिलाआतेने तिसऱ्यांचं टोप चुलीवरून उतरवलं, झाकण काढलं, आत पाहिलं आणि काहीच बोलली नाही. खरं तर हर्षालीला तिथेच कळायला हवं होतं. गप्प बसणं आतेच्या स्वभावात नव्हतं. वाफेने तिसऱ्यांच्या शिंपा उमलल्या की "इलात गो बायांनो? बसा," असं त्यांचंही स्वागत करणारी बाई ती.

पण हर्षाली सकाळच्या गाडीने गोव्याहून आलेली, पोटात कावळे ओरडत होते. ती पाटावर बसली आणि पहिल्याच घासाला थबकली. शिंपा चांगल्या दोन बोटं रुंद, पण आतला गर कुळथाच्या दाण्याएवढा.

"आते, बारके गावले काय गो?"

"बारके खयचे? शिंपी बघ मां. कपडे मापाचे, आंगच नाय." आतेने तिच्या ताटात आणखी एक पळी वाढली. "खा. रस तरी खा."

हर्षालीने रस खाल्ला. ओलं खोबरं, तिरफळ, आतेच्या हाताची चव सगळी जागेवर होती. तिने त्यावर समाधान मानलं आणि शुक्रवारच्या सभेची गोष्ट सांगायला सुरुवात केली. शुक्रवारी समिती येणार होती. शेवऱ्याच्या खाडीत चाललेलं तिचं यंत्र बघून, तेच यंत्र, त्याच बेतावर, किनाऱ्यावरच्या आणखी चाळीस खाड्यांत बसवायचं की नाही ते ठरवणार होती. ठरलं तर त्या सगळ्या कामाची प्रमुख हर्षाली तारी.

"चाळीस," आते म्हणाली आणि टोपावर झाकण ठेवलं.

ही आते म्हणजे हर्षालीच्या वडिलांची थोरली बहीण. आईवडील दोघंही मुंबईत नोकरीला होते, पोरीला दमा होता, म्हणून समुद्राच्या हवेवर चार महिने आतेकडे ठेवली. ती बारावी होईपर्यंत राहिली. आतेचा नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. रोज ओहोटीला खाडीच्या पुळणीवर जायचं, वाळू-चिखल उकरून तिसऱ्या काढायच्या, बाजारात नेऊन बसायचं, हा तिचा जन्माचा धंदा. त्यावर तिने भाचीला वाढवलं. पण एक नियम होता. हर्षालीने पुळणीवर पाऊल टाकायचं नाही. "चिखल एकदा पायाक लागलो की सुटणा नाय," आते म्हणायची. "तू पुस्तक धर." मुलीने पुस्तक धरलं ते थेट समुद्रविज्ञानाच्या पदवीपर्यंत. आता गावात तिला सगळे बुडबुडीवाली म्हणतात.

बुडबुडी म्हणजे ते यंत्र. त्याचं कागदोपत्री नाव इतकं लांब आहे की ते घेईपर्यंत ओहोटी संपून भरती लागेल.

यंत्र कळायला आधी खाडी कळायला हवी. हवेत पाचातले जवळजवळ चार भाग नायट्रोजन. पण तो अशा घट्ट जोडीने राहतो की कुणाच्या उपयोगी पडत नाही. आपण तो नाकाने आत घेतो आणि तसाच बाहेर सोडतो. काही मोजके जिवाणू तेवढे ती जोडी फोडून त्याला कामाला लावतात. मग जगणारं मरतं, पाण्यात कुजतं, त्याचा अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. नायट्रेट हे समुद्राचं खत. ते खाऊन, उन्हावर, डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती वाढतात. शास्त्रज्ञ त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. तिसऱ्या दिवसभर पाणी गाळत बसतात ते याच वनस्पतींसाठी. आणि तळच्या चिखलात, जिथे हवा पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटमधलाच प्राणवायू ओढून श्वास घेतात आणि उरलेला नायट्रोजन हवेला परत करतात. जिथून आला तिथे गेला. हे चाक युगानुयुगं कुणी वंगण न घालता फिरतं आहे, आणि त्याच्या जिवावर जेवणाऱ्यांपैकी कुणी त्याला साधं 'बरं केलंस' म्हटलेलं नाही.

सात वर्षांपूर्वी शेवऱ्यात हे चाक बिघडलं. वरच्या अंगाच्या बागांचं खत आणि काठावरच्या हॉटेलांचं सांडपाणी, दोन्ही खाडीत येऊ लागलं. खत वाढलं तसं पाणी हिरवं झालं, मग करडं, मग काळं. वनस्पती अतोनात माजल्या, मेल्या, कुजल्या आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू पिऊन बसल्या. काठावर मेलेल्या माशांचा खच पडला. अति तेथे माती म्हणतात, इथे मातीलाही वास येत होता.

तेव्हा हर्षालीच्या संस्थेने खाडीच्या मुखाशी अकरा तराफ्यांची माळ बांधली. तराफ्याखाली पेट्या, पेट्यांत साबुदाण्याएवढे जेलीचे मणी, मण्यांत जिवाणू. पहिल्या पेटीत हवा खेळवायची, तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं. दुसरीत हवा बंद, तिथे नायट्रेटचा वायू होऊन वर उडतो. दुसऱ्या पेटीतल्यांना जोडीला खाऊ म्हणून नारळाच्या सोडणांचा भुसा. नवीन काही नाही. चिखलातले जिवाणू जे करतात तेच, हजारपट वेगाने. वायूचे बुडबुडे सुटायला लागले आणि पोरांनी दुसऱ्याच दिवशी नाव ठेवलं, बुडबुडी. दोन वर्षांत काळं पाणी गेलं. मासे परतले, तिसऱ्या परतल्या. आतेने त्या वर्षी तराफ्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता आणि हर्षाली इतकी रडली होती की फोटोत तिचं नाक तेवढं दिसतं.

मग एक अवघड प्रश्न उरला. खत जास्त झालं तर किती काढायचं हे शास्त्राला ठाऊक होतं. पण किती ठेवायचं? प्रत्येक खाडी वेगळी, प्रत्येकीची भूक वेगळी. तो खालचा आकडा कुठल्या पुस्तकात नव्हता. त्यावर हर्षालीने जी युक्ती काढली तिने तिचं नाव झालं. ती म्हणाली, खाडीवर जगणाऱ्यांना विचारू या. पुळणीवरच्या बायकांनी घरी जाताना मोबाईलवर एक आकडा दाबायचा आणि आज पाणी कसं होतं ते आपल्या भाषेत सांगायचं. यंत्र ते ऐकेल, त्यातली तक्रार कोणती आणि समाधान कोणतं ते ओळखेल. तक्रार असेल तर जास्त खाईल, समाधान असेल तर आहे तसं चालू ठेवेल. कुठला शब्द तक्रारीचा आणि कुठला समाधानाचा, याची यादी हर्षालीने स्वतः बसून केली होती. मालवणी येणारी संस्थेत ती एकटीच होती ना.

गेली दोन वर्षं खाडीचं पाणी असं निवळशंख झालं होतं की पर्यटक काचेच्या तळाच्या होडीतून फिरत आणि तळाचे दगड मोजत.

दुसऱ्या दिवशी ओहोटी सकाळी नऊची होती. आते टोपली घेऊन निघाली तशी हर्षाली चपला काढून मागे उभी राहिली.

"खय चल्लंस?"

"तुझ्यावांगडा. शिंपी मोठी आणि आंग बारीक कित्या, ता बघूचा आसा माका."

"चिखल आसा थय."

"चौतीस वर्षांची झालंय मी, आते."

आतेने तिच्या पायांकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, आणि चालायला लागली. म्हणजे परवानगी मिळाली.

पुळणीवर लतिका मोंडकर आधीच गुडघाभर पाण्यात उभी होती. आतेची बालमैत्रीण, बायकांच्या गटाची पुढारी आणि तोंडाने फटकळ. तिने हर्षालीला चिखलात रुतताना पाहिलं आणि खो खो हसली. "अगो बघा, बुडबुडीवाली स्वतः इली! काय गो, तुझ्या त्या राक्षशिणीक सांगशीत काय जरा? औंदा पाण्याक एकदाय पेज येवक नाय."

"येवक नाय ना?" हर्षाली खूश होऊन म्हणाली. "मगे बराच झाला मां."

लतिका हसायची थांबली. आतेने टोपली खाली ठेवली.

"बरा?" लतिका म्हणाली. "पेज नाय तर तिसरे खातले काय? वारो?"

आता पेज म्हणजे काय हे कोकणात तान्ह्या पोरालाही ठाऊक. उकड्या तांदळाची पातळ, पांढुरकी, घरोघरी सकाळी असते ती. हर्षालीने शब्दांची यादी केली तेव्हा 'पाण्याक पेज इली' हे वाक्य तिला पहिल्याच आठवड्यात ऐकू आलं होतं. पेज उतू जाते, तिच्यावर फेस येतो, साय धरते. म्हणजे पाण्यावर फेस आला, साय आली, पाणी गढुळलं. तिने ते 'फेस', 'मळ', 'वास' या शब्दांच्या शेजारी तक्रारीत टाकलं होतं आणि पुढे गेली होती. विचारायचं सुचलंच नाही. घरचा शब्द होता तो, त्यात काय विचारायचं?

"आते," ती हळू म्हणाली, "पाण्याक पेज येता म्हणजे काय, ता सांग माका."

आतेने लतिकाला बोट करून दाखवलं. "तिच्या पायांकडे बघ. जोडवी दिसतत?"

गुडघाभर पाण्याच्या तळाशी लतिकाची चांदीची जोडवी लख्ख चमकत होती. जोडव्यावरची नक्षीसुद्धा दिसत होती.

"दिसतत."

"जोडवी दिसली म्हणजे पाणी उपाशी. पावलाच दिसानाशी झाली म्हणजे पाण्याक अजीर्ण, ता काळ्या पाण्याच्या वर्साक झाला तसा. आणि पाऊल दिसता पण जोडवी दिसणत नाय, तेवढा हिरवट, तेवढा दाट, ती पेज. दर्या खाडयेक पेज वाढता. मगे तिसरे भरतत. माझ्या आवशीन माका असाच शिकवलेला."

आतेच्या स्वतःच्या पायांत जोडवी नव्हती. नवरा गेल्यापासून ती लतिकाच्या पायांकडे बघून पाणी ओळखायची. म्हणून दोघी पंचवीस वर्षं एकाच ओहोटीला एकत्र उतरत होत्या. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि कुठे दिसेनाशी होते ते बघायचं, हे साधन सुमारे एकशे साठ वर्षांपूर्वी एका इटालियन शास्त्रज्ञाने काढलं आणि हर्षालीने त्यावर परीक्षेत दहापैकी नऊ मार्क मिळवले होते. तिच्या घरात तेच साधन चांदीचं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

ती तशीच चिखलाच्या पायांनी घरी गेली. पडवीत बसून तिने संगणक उघडला आणि दोन वर्षांच्या नोंदी लावल्या. सगळ्या नाही. फक्त आतेच्या.

पहिल्या हंगामातला आवाज उत्साही होता. "हर्षू गो, आज पाण्याक पेज इली हा. मस्त दाट. तुझी बुडबुडी बरा काम करता." खाली यंत्राची खूण: तक्रार. त्या दिवशी तराफ्यांनी नायट्रेट काढण्याचा वेग वाढवला होता. त्यावर बाईचा ध्वनिमुद्रित आवाज: "आपली नोंद घेतली आहे. धन्यवाद."

चार महिन्यांनी. "आज पाणी निवळ झाला हा. तळ दिसता." खूण: समाधान. वेग कायम.

मग पावसाळ्यानंतर. "हर्षू, पाणी कसा काचेसारखा झाला गो. तिसऱ्यांचा आंग उतराक लागला." काच हा शब्द हर्षालीने समाधानात टाकला होता. वेग कायम. "आपली नोंद घेतली आहे. धन्यवाद."

शेवटची नोंद तीन महिन्यांपूर्वीची होती. आवाज दमलेला होता. "हर्षू बाय, तुझ्या यंत्राक सांग, सगळा खाव नको. थोडा आमकाय ठेव. पाणी निवळ आसा, निवळ आसा, निवळ आसा." खूण: समाधान, समाधान, समाधान.

हर्षालीने संगणक मिटला. जितकी पाण्याची स्तुती झाली तितकं यंत्राने पाणी उपाशी मारलं होतं, आणि उपासाची कागाळी केली तेव्हा ती त्याला शाबासकी वाटली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तोही तिच्या स्वतःच्या हाताने.

आते टोपली घेऊन आली. टोपलीचा तळ झाकेल एवढंच त्यात होतं.

"आते, माका कित्या नाय सांगलंस गो? सणावाराक येतंय, आठवड्यान फोन करतंय. एकदाय बोललंस नाय."

आतेला प्रश्नच कळला नाही. "सांगलंय मां. रोज सांगलंय. तुझ्याच यंत्राक सांगलंय, म्हणजे तुकाच नाय?" ती पायरीवर टेकली. "माका वाटला, ऐकता आसा पण तेचा काय तरी कारण आसतला. तू शिकलेला चेडू. मी कित्या मधे मधे करू?"

यावर हर्षाली रडली. चांगली मोठ्याने रडली, लहानपणी दम्याने घुसमटल्यावर रडायची तशी. आतेने आपले चिखलाचे हात पदराला पुसले आणि तिच्या पाठीवरून फिरवले. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून म्हणाली, "चूक माझी. तुका चिखलात उतराक दिलंय नाय मी. उतरली आसतंस तर तुका पेज कळली आसती."

दुपारी हर्षालीने संस्थेतल्या वरिष्ठांना फोन केला. डॉ. उमराणी चांगले गृहस्थ होते. पण चांगल्या गृहस्थांनाही शुक्रवार असतात.

"किती नोंदी उलट्या लागल्या?" त्यांनी विचारलं.

"जवळजवळ सगळ्याच, सर. यादी मी केली होती."

"मग आजच शब्द दुरुस्त करून टाक. शुक्रवारी मंजुरी होऊ दे, सुधारित आवृत्ती आपण मागाहून पाठवू. यंत्रात चुका निघतातच. सभेत सांगायची काही गरज नाही."

"यंत्र चुकलं नाही, सर. आणि एक शब्द बदलून भागणार नाही. चाळीस खाड्या आहेत, प्रत्येकीची वेगळी बोली असणार. तिथे यादी कोण करणार? माझ्यासारखंच कुणीतरी, घरात बसून."

"हर्षाली, प्रमुखपदासाठी तुझं एकटीचं नाव आहे. नीट विचार कर."

तिने विचार केला. आणि तिला एक जुनी गंमत आठवली. विद्यापीठात असताना त्यांनी आपापल्या केसांतला नायट्रोजन तपासला होता. नायट्रोजनचे अणू दोन प्रकारचे, हलके आणि थोडे जड. एक जीव दुसऱ्याला खातो तेव्हा प्रत्येक पायरीला जड अणू थोडे जास्त साठत जातात. समुद्रातल्या पायऱ्या जास्त, म्हणून मासळीवर वाढलेल्या माणसाचे केस ते सांगून टाकतात. वर्गात सगळ्यांत जड नायट्रोजन हर्षालीचा निघाला होता. मैत्रिणींनी तिला महिनाभर 'मासळी' म्हणून चिडवलं. गाव सोडून तिला तेव्हा फक्त पाच महिने झाले होते. त्या केसांतला कण न् कण शेवऱ्याचा होता. कुठल्याशा जिवाणूने हवेतून काढला, कुठल्याशा हिरव्या कणाने खाल्ला, तिसरीने गाळला, आतेने उकरला, रांधला आणि ताटात वाढला. तिच्या हाडामांसात दुसरं होतंच काय?

ती उठली, धक्क्यावर गेली, आणि तिने अकरा तराफ्यांचे पंप एकामागून एक बंद केले.

शुक्रवारी मच्छीमार सोसायटीच्या शेडात समितीचे पाच जण खुर्च्यांवर, डॉ. उमराणी त्यांच्या शेजारी आणि पुळणीवरच्या बायका जमिनीवर बसल्या होत्या. हर्षालीने आकृत्या दाखवल्या नाहीत. तिने आतेच्या नोंदी ऐकवल्या, एकीखाली एक, यंत्राच्या खुणांसकट. मग आधी समितीला प्रमाण मराठीत आणि नंतर बायकांकडे वळून मालवणीत सांगितलं की हे माझ्या हातून झालं. मी विचारलं नाही. चाळीस खाड्यांना हे यंत्र आत्ता देऊ नका.

मग लतिकाचं हसू ऐकू आलं. "म्हणजे आमी बरा म्हटला काय ती अदाशी खाय, आणि मरतंव म्हटला काय ती म्हणा, शाबास! अगो, ही तर माझ्या सासूसारखी!" बायका पदरात तोंड घालून हसल्या. समितीतल्या एका बाईंनाही हसू आवरलं नाही. त्या हसण्यात काही हर्षालीची चूक पुसली गेली नाही. उपासाने अर्ध्या पुळणीतल्या तिसऱ्या मेल्या होत्या आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

आते उठून उभी राहिली. ती सभेत कधी बोलली नव्हती. तिने पदर खांद्यावरून घेतला, खाडीकडे तोंड केलं, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं घालायचं ते गावच्या मानकऱ्याने, देवळात; एकाने मागणं मागायचं आणि सगळ्यांनी हुंकार द्यायचा. शेवऱ्यात बाईने गाऱ्हाणं घातलेलं कुणी ऐकलं नव्हतं. पण तिला थांबवायला जावं असंही कुणाला वाटलं नाही.

"हे बा खाडयेच्या राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका म्हणाल्या.

"तुझ्याच पाण्यार वाढलेला हा चेडू. तेच्या हातान चूक झाली, ती तेनी चार माणसांत कबूल केल्यान. ती तू पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जे डोळ्यांक दिसणत नाय, तुझ्या चिखलात, तुझ्या पाण्यात राबतत, आमका तिसरे देतत, त्या बारक्या जिवांचा बरा कर, म्हाराजा! तेंका कोणी इतक्या दिसांत इचारूक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटच्या हुंकारात डॉ. उमराणींचाही आवाज होता. ते सोलापूरकडचे, त्यांना हुंकार द्यायचा असतो हे तोवर कळलं होतं.

चाळीस खाड्यांचं काम पुढे ढकललं गेलं. प्रमुखपदी दीड महिन्यांनी दुसऱ्या कुणाची नेमणूक झाली, आणि ती रास्तच होती. हर्षालीने मागून घेतलेलं काम वेगळंच होतं. एकेका खाडीवर जायचं, तिथल्या बायकांबरोबर चिखलात उतरायचं आणि शब्द विचारायचे. एका खाडीत चांगल्या पाण्याला 'तूप' म्हणतात, दुसरीत 'धूर'. एके ठिकाणी 'गोड पाणी' ही शिवी आहे. तिच्या पायांच्या भेगांत आता कायमचा चिखल असतो. आते म्हणाली होतीच, एकदा लागला की सुटत नाही.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटाला, दरवर्षीसारखं, समुद्राचं तळचं थंड पाणी वर आलं आणि आपल्याबरोबर खोलातलं खत घेऊन खाडीत शिरलं. तराफे फक्त सांडपाण्याच्या तोंडाशी, बेतानेच चालत होते. आश्विनातल्या एका सकाळी हर्षाली, आते आणि लतिका पुळणीवर उतरल्या. लतिकाने पाऊल पुढे केलं. तिघींनी वाकून पाहिलं. पाऊल दिसत होतं. जोडवी दिसत नव्हती.

आतेने ओंजळभर पाणी घेतलं, कपाळाला लावलं आणि परत सोडलं. मग तिने वाळूत हात घातला आणि एक तिसरी काढून हर्षालीच्या तळव्यावर ठेवली. शिंप लहान होती, या वर्षीचीच, पण हाताला जड लागत होती. निम्मी पुळण अजून रिकामी होती. ती भरायला तीन-चार वर्षं जातील.

आतेने हात पुसून मोबाईल काढला आणि आकडा दाबला. "पाण्याक पेज इली हा," ती म्हणाली. "आता खाव नको. देव बरे करो." गोव्याकडे आणि तळकोकणात आभार मानायचे ते असेच.

सांडपाण्याच्या तोंडाशी बुडबुडे विरळ झाले आणि थांबले; 'पेज' ऐकली की थांबायचं, हे यंत्राला आता ठाऊक होतं. त्याच क्षणी हर्षालीच्या मोबाईलवर यंत्राचा प्रश्न उमटला. नवीन वाक्य आलं की यंत्राने आता विचारायचं असतं, हा नियम तिनेच घातला होता. 'देव बरे करो. तक्रार की समाधान?'

तिचं बोट 'समाधान'वर गेलं होतं. ते तिने मागे घेतलं.

"आते, यंत्र इचारता. 'देव बरे करो' ही तक्रार काय समाधान?"

आते कमरेवर हात ठेवून विचारात पडली. "तक्रार नाय," ती म्हणाली. "समाधानय नाय. तेनी आमका दिला, तेचा आमी म्हटला. तेचा लिवन काय ठेवतंस? तेका फक्त उत्तर देवक शिकव."

"काय उत्तर?"

आतेने भाचीकडे असं पाहिलं की एवढी शिकलेली मुलगी आणि हेही सांगावं लागतं.

हर्षालीने तिथेच चिखलात उभं राहून आपल्या आवाजात ते मुद्रित केलं आणि 'आपली नोंद घेतली आहे'च्या जागी बसवलं. आतेने पुन्हा आकडा दाबला, मोबाईल कानाला लावला आणि मोठ्याने, खाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "देव बरे करो!"

पलीकडून तिच्याच भाचीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"